ग्रुपमधल्या प्रत्येकासाठी स्क्रॅपबुकचं एकेक पान करायचंय : कागद, गोंद, मजकूर, सगळ्यालाच मदत हवी (पुणे)

खारी_बिस्कीट

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज या कामासाठी खातं उघडलं.

बॉटनी घेऊन बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. आता प्रॅक्टिकल्स, मग पेपर, आणि मेमध्ये आमचा गोतावळा पांगणार. एक जण मास्टर्सला जर्मनीत, दोघी हॉस्टेल सोडून लातूर आणि सांगलीला परत. बाकीचे पुण्यातच आहेत, पण पुण्यात राहून वर्षवर्ष न भेटणारे लोक मी घरातच बघते आहे. तर प्रत्येकाला स्क्रॅपबुकचं एक पान करून द्यावं असं डोक्यात आहे. फोटो छापलेला मग, उशी, कीचेन वगैरे नको.

अडचणी अशा. व्हिडिओंत दिसतात ती सगळी पानं १२ बाय १२ इंचांची. तसा कागद आणि त्या मापाची फाइल इथे मिळते का? तयार 'ग्रॅज्युएशन किट' बघितले, तर त्यात सगळीकडे ती काळी चौकोनी टोपी, गोंडा आणि गुंडाळी केलेलं सर्टिफिकेट. आपल्याकडे ती टोपी बालवाडीतून पहिलीत जाणारी मुलं घालतात! मग चिकटवायचं कशाने? एका व्हिडिओत ग्लू गन, दुसऱ्यात म्हणे ग्लू गन अजिबात नको.

आणि खरी अडचण म्हणजे लिहायचं काय. लिहायला बसलं की 'तू खूप छान मैत्रीण आहेस'च्या पुढे गाडी सरकत नाही.

बजेट विद्यार्थ्याचं आहे, हे सांगायला नकोच.

वारजे_नाका

रुमाल टाकून ठेवते, पुढचं वाचायला जागा धरून. पुतणीचं इंजिनिअरिंग पुढच्या वर्षी संपतंय.

सुईदोरा

खारी, आधी आकाराची चिंता सोड. बारा इंची चौकोन हे अमेरिकेतलं माप. तिथे त्या मापाचे कागद, अल्बम, प्लॅस्टिकचे कप्पे सगळं तयार मिळतं, म्हणून तिथल्या बायकांना ते सोयीचं. आपल्याकडे तीच सोय ए-४ ची आहे. कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे ए-४ ची फाइल, कप्पे, पंच केलेले फोल्डर मिळतात.

ए-३ चा कागद कापून चौकोन काढशील तर तो २९.७ सेंटिमीटरचा निघेल. बारा इंचांपेक्षा थोडका लहान, पण त्या अल्बमच्या कप्प्यात सैल हलत राहण्याइतका नक्की लहान. चौकोनाचाच हट्ट असेल तर अकरा इंचांचा कर. कार्डशीटचा मोठा ताव साधारण २२ बाय २८ इंचांचा असतो. त्यात अकरा इंची चार चौकोन बसतात आणि सहा इंच रुंदीची लांब पट्टी उरते, ती फोटोंच्या मागे किनार म्हणून लावता येते. बारा इंची मात्र त्यात दोनच बसतात, बाकी सगळी रद्दी.

जर्मनीवाल्याला ए-४ च दे. लॅपटॉपच्या कप्प्यात सरळ जाईल.

खरेदी : कागद, कार्डशीट, पेनं अप्पा बळवंत चौकात. लेस, रिबिनी, बटणं, मणी रविवार पेठेत. शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नकोस, बसने जा. कागद घेताना 'जाड दाखवा' असं न म्हणता जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) विचार. झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो. पानाला २२० ते ३०० च्या मधला घे. त्याहून पातळ घेतलास तर चार फोटोंच्या वजनानेच वाकतो.

अटलांटा_व्हाया_आपटे_रोड

सुईदोरा यांना अनुमोदन. इथे राहून मुलांचे बारा इंची अल्बम केले आहेत, आणि पुण्याला नेताना ते बॅगेत कधीच धड बसत नाहीत. ए-४ झिंदाबाद.

दोन गोष्टी वाढवते. पाकिटावर 'ॲसिड फ्री, लिग्निन फ्री' लिहिलेलं असतं ते नुसतं मिरवायला नसतं. लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. वर्तमानपत्र गच्चीत दोन दिवस उन्हात राहिलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, तेच हे. म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण पानावर सरळ चिकटवू नकोस, त्याची झेरॉक्स लाव. चिंध्यांपासून केलेला हातकागद मिळाला तर सोनं, कारण सुती चिंधीत लिग्निन जवळजवळ नसतंच. पुण्यात तर शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर हातकागद संस्था १९४० पासून आहे, जोशी हे तिचे संस्थापक. लहानपणी तो रस्ता हजारदा ओलांडला, नाव कुणाचं ते फार उशिरा कळलं.

दुसरं, फोटो कापून गोल, बदाम, चांदणी असं काही करू नकोस गं. सगळे व्हिडिओ तेच शिकवतात. चेहरे तुझ्या फोनमध्ये शेकड्याने आहेत. पंधरा वर्षांनी बघावंसं वाटतं ते चेहऱ्यांच्या मागचं : कॅन्टीनच्या फळ्यावरचे भाव, कुणाची तरी जुनी स्कूटी, भिंतीवरचं गॅदरिंगचं पोस्टर. बदामात नेमकं तेच कापलं जातं.

एका पानावर एक मोठा फोटो आणि दोन छोटे. पाचाच्या वर गेलीस की ते लग्नाच्या हॉलबाहेरचं फ्लेक्स होतं.

सदाशिव_पेठी

एवढा उपद्व्याप कशाला? ड्राइव्हवर फोल्डर करा, लिंक पाठवा, शून्य रुपयांत काम होतं. ही पानं सहा महिन्यांत माळ्यावर जाणार आणि वर्षाने आई विचारणार, 'हे ठेवायचंय का टाकायचंय?'

सुईदोरा

माळ्यावर गेलेलं सापडतं तरी. तीन फोन बदलल्यावर ती लिंक कुठल्या ग्रुपवर आली होती ते सांगा पाहू. माझं दहावीचं स्लॅमबुक परवा माळ्यावरच सापडलं. 'फेवरेट हीरो'पुढे एकीने जे लिहिलंय त्याची आठवण करून दिली की ती आजही फोन ठेवून देते.

निळी_शाई

एका ग्रंथालयात जुन्या कागदांच्या डागडुजीचं काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. सवय आहे, सहन करा.

गोंद. पांढरा फेविकॉल लाकडाला उत्तम. त्यात पाणी असतं, ते कागदात मुरतं, कागद फुगतो आणि वाळताना आक्रसतो. पानाला लाटा येतात त्या यामुळे. फोटोला तर तो अगदी नको. ग्लू गनचा थेंब जाड, त्याचा उंचवटा पलीकडच्या पानावर उमटतो आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पान राहिलं तर तो सुटतोही. साधी सेलोटेप काही वर्षांत तपकिरी होते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि मग आमच्यासारख्यांना कामाला लावतो. घरी खळ करणाऱ्यांसाठी : पिठाची खळ चांगलीच धरते, पण कसरीला ती मेजवानी असते. हे सगळं कटाप केल्यावर उरतात ती डबल टेप, चांगली ग्लू स्टिक आणि फोटो कॉर्नर. तिकोनी कॉर्नरमध्ये फोटो नुसता खोचला जातो, त्याला गोंद लागतच नाही. पुढे कधी तो काढून स्कॅन करायचा झाला तर सहज निघतो. मला विचाराल तर फोटोला फक्त कॉर्नर, बाकी कागदांना डबल टेप.

तिकिटं आणि बिलं. बसच्या मशीनमधून येणारं तिकीट, कॅफेचं बिल, एटीएमची पावती, हे थर्मल कागद. त्यात शाई नसतेच, उष्णतेने रंग उमटवणारा थर असतो. आपोआप फिकट होतं, प्लॅस्टिकच्या कप्प्यात तर आणखी लवकर. आणि लॅमिनेशन करायला नेऊ नका. गरम रोलरमधून गेलं की अख्खं तिकीट काळं होतं. आधी रंगीत झेरॉक्स काढा, ती लावा, मूळ तिकीट हवं तर मागे छोट्या पाकिटात ठेवा.

प्लॅस्टिक. मार्कशीटच्या जुन्या फाइलमध्ये झेरॉक्सची अक्षरं प्लॅस्टिकला चिकटून आलेली पाहिली असतील. ते पीव्हीसी. मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते झेरॉक्सची शाई (टोनर) उचलतं. घेताना वास घ्या, नव्या पावसाळी चपलेसारखा उग्र वास आला तर ठेवून द्या. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन लिहिलेले कप्पे घ्या. आणि तो चिकट पानांचा, वर पारदर्शक कागद उचलून फोटो ठेवायचा अल्बम कितीही सुबक दिसला तरी नको. त्याचा चिकटा पिवळा पडतो आणि फोटो पुढे सुटत नाहीत. ज्यांच्या घरी तसे अडकलेले फोटो आहेत त्यांनी ओढू नका, दातांचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हलकेच फिरवा.

लिखाण. चकचकीत फोटोवर जेल पेन वाळत नाही, पुसलं जातं. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं : मूळ मार्कशीट, टीसी, हॉल तिकीट, आयकार्ड असलं काही पानावर चिकटवू नका. हसू नका, आमच्याकडे असं एक पान घेऊन बाई आल्या होत्या. पदव्युत्तर प्रवेशाला टीसी हवी होती.

वारजे_नाका

निळी_शाई, वाखु (वाचनखूण) साठवली. लॅमिनेशनचं माहीत नव्हतं, लग्नाआधीच्या एका सिनेमाच्या तिकिटाचा उद्या तोच कार्यक्रम होता. वाचलं.

खारी_बिस्कीट

अरे बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सांगलीवालीसाठी स्वारगेटपासूनची बसची तिकिटं जमवली होती, ती मीही लॅमिनेटच करणार होते. रंगीत झेरॉक्स काढते.

कॉलेजच्या फाटकापाशी बहावा आहे, आता एप्रिलमध्ये फुलेल. त्याची फुलं दाबून लावायचा विचार आहे. पुढे पावसाळ्यात बुरशी येईल का?

लिहिण्याचं मात्र कुणीच बोललं नाही. मंडळींनी सोयीस्कर टाळलेलं दिसतंय.

निळी_शाई

बॉटनीवाली ना तू? मग फुलं दाबायचं मी तुला काय शिकवणार. पहिले काही दिवस रोज कागद बदल, वर वजन, दोन-तीन आठवडे घाई नको. पूर्ण वाळलेलं असेल तर बुरशी येत नाही, अर्धवट वाळलेलं जुलैत हमखास कुजतं. पिवळा रंग टिकणार नाही, तपकिरी होईल. फूल थेट फोटोला टेकवू नकोस, बटर पेपरच्या पाकिटात घाल.

विंगेतला

मी मजकुरापुरतं बोलतो, चिकटवण्यातलं मला काही कळत नाही.

'खूप छान मैत्रीण' हे कुणाबद्दलही लिहिता येतं, म्हणूनच ते लिहिताना हात अडतो. प्रत्येक पानावर निदान एक वाक्य असं हवं, की ते उचलून दुसऱ्या कुणाच्या पानावर नेलं तर खोटं ठरेल. एवढी एकच कसोटी लाव.

आम्ही कॉलेजातून पुरुषोत्तमला उतरायचो. पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी : महाराष्ट्रीय कलोपासकची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, १९६३ पासूनची, भरत नाट्य मंदिरात होते आणि 'अरे आव्वाज कुणाचा'ने आजूबाजूची पेठ जागी ठेवते. माझ्याकडे प्रकाशयोजना. अंधारात काम करणारा माणूस, त्यामुळे ग्रुपच्या फोटोंत मी जवळजवळ नाहीच. शेवटच्या वर्षी आमच्या दिग्दर्शिकेने सगळ्यांना पानं दिली. इतरांच्या पानांवर रंगमंचावरचे झकास फोटो. माझ्या पानावर माझ्याच अक्षरातल्या क्यू शीटची (कुठला दिवा कधी लावायचा त्या यादीची) झेरॉक्स, चहाच्या डागासकट. बाजूला तिने लिहिलं होतं : 'ब्लॅकआउट झाला की तू समोरच्या विंगेतून आधी माझ्याकडे बघतोस, जमलं का विचारायला. मी दर वेळी मान डोलावली. आज खरं सांगते, दुसऱ्या वर्षीचा तो निळा फार भडक होता.'

एवढंच. खाली सही. ते पान आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. (निळी_शाई ओरडतील, काचेखाली ठेवू नये म्हणून. ठेवलंय.)

तर तुझ्या लातूरवालीचा विचार कर. ती काय विसरते? कुणाचं काय उचलते? चिडली की गप्प बसते की जोरात हसते? प्रॅक्टिकलच्या आधी हात धुते का? आपल्या माणसाबद्दल आपल्याला असलं पुष्कळ माहीत असतं, पण ते कौतुकासारखं दिसत नाही म्हणून आपण लिहीत नाही.

निळी_शाई

काचेला फोटो चिकटतात, झेरॉक्सला तेवढा धोका नाही. माफ केलं.

जुना_भिडू

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वेळी स्क्रॅपबुक नव्हतं, ऑटोग्राफची छोटी वही असायची, रंगीत पानांची. गुलाबी पानावर जवळच्यांनी लिहायचं असा संकेत होता आणि त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे. बहुतेक सगळे तेच ते सुविचार लिहायचे. विंगेतला म्हणतात ते खरं आहे, त्या सुविचारांपैकी एकही कुणी लिहिला ते आज नाव झाकलं तर सांगता येणार नाही. आमच्या एका मित्राने मात्र सुविचाराऐवजी मेसचा हिशोब लिहिला होता, मी त्याचे किती देणे लागतो तो, तारखांसकट. वहीतलं तेवढंच पान मी नातवाला दाखवतो.

काळ्या पानांचा अल्बम आणि तिकोनी कॉर्नर आम्हीही वापरले. फोटो अजून शाबूत आहेत. पण मागे नावं न लिहिलेल्या फोटोंत आता काही चेहरे ओळखू येत नाहीत, आणि ज्यांना विचारावं ती मंडळीही कमी होत चालली. तेव्हा मुली, नावं लिही. आडनावासकट लिही. आज हास्यास्पद वाटेल, तरी लिही.

सदाशिव_पेठी

काका, पैसे फेडलेत का मित्राचे?

जुना_भिडू

नाही. पुरावा त्याने मला देऊन टाकला, त्याला मी काय करणार!

लॅबवाला

फोटो छापण्याचा धंदा आहे म्हणून थोडं. लोक व्हॉट्सॲपवरचे फोटो आणून मोठे छापा म्हणतात. हिशोब सोपा आहे. स्वच्छ छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० बाय १८००. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. तो ४ बाय ६ ला व्यवस्थित चालतो, उगाच घाबरू नका. पण तोच ८ बाय १२ केलात तर इंचाला १३३ च पडतात आणि चेहरे मऊ, पुसट दिसतात. मोठा फोटो हवा असेल तर ज्याने काढला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

घरच्या इंकजेटवर छापलेल्या फोटोवर पाण्याचा थेंब पडला की शाई पसरू शकते. लॅबच्या फोटोपेपरचं तसं होत नाही. आणि दुकानात द्यायच्या आधी फोटो स्वतः ४ बाय ६ मध्ये बसवून आणा. फोनचा फोटो बहुतेक वेळा ४:३ मापाचा असतो, ६:४ मध्ये बसवताना वरून-खालून कापला जातो. मशीन कापतं तेव्हा कडेला उभ्या मित्राचं डोकं जातं आणि शिव्या आम्ही खातो.

टेकडीवरची

एक व्यावहारिक शंका. ही पानं सगळी मंडळी एकत्र बसून उघडणार. एकीच्या पानावर पाच फोटो आणि दुसरीच्या पानावर झेरॉक्स, असं झालं तर? विंगेतला यांना क्यू शीट आवडली, सगळ्यांनाच आवडेल असं नाही. आमच्या ग्रुपमध्ये अशा एका भेटीवरून दोघी बोलत नव्हत्या. माझं मत, माप, कागद, फोटोंची संख्या सगळ्यांना सारखी ठेव. फरक मजकुरात कर.

विंगेतला

माप आणि कागद सारखा, मान्य. फोटोंची संख्या मोजून सारखी ठेवणं मला रेशनच्या दुकानाची आठवण करून देतं. ज्याचे फोटोच नाहीत त्याचं काय करणार? फोटो मोजून वाटायला बसलं की पान त्या माणसाचं राहत नाही, हिशोबाचं होतं.

टेकडीवरची

तुम्ही विंगेत होता म्हणून तुम्हाला चाललं. बावीस वर्षांच्या मुली मोजतात. मी होते तेव्हा मोजले होते.

अटलांटा_व्हाया_आपटे_रोड

तोडगा : सगळ्यांसोबतचा एक ग्रुप फोटो प्रत्येक पानावर एकाच जागी, त्याच मापात. बाकीची जागा ज्याची त्याची. शेजारी शेजारी ठेवली तर संच दिसतो आणि मोजायला निमित्तही मिळत नाही.

लेकीची_आई

पान ज्या घरात जातं त्या बाजूने बोलते. लेकीला असं पान मिळालं होतं, तिने घरी आणून कौतुकाने टेबलावर ठेवलं, आणि आजीने चष्मा लावून मोठ्याने वाचून काढलं. त्यात कुणा मुलाचं टोपणनाव होतं. पुढचा आठवडा घरात जो गेला तो गेला. हजेरीत कुणी कुणाची प्रॉक्सी मारली, कुणाच्या गाडीवरून कुठे गेलात, कुणाचं कुणाशी जमलं आणि मोडलं, हे असलं वरच्या पानावर नको. लिहायचंच असेल तर चिठ्ठी करून छोट्या बंद पाकिटात घाल आणि पाकीट मागच्या बाजूला लाव. पान घरातले सगळे बघतील, पाकीट ती बघेल.

वारजे_नाका

आजीने चष्मा लावून... 😄

खारी_बिस्कीट

मंडळी, थोडी प्रगती सांगते.

निळी_शाईंनी फुलं दाबायचं म्हटलं आणि डोक्यात लख्ख पडलं. आमची तीन वर्षं हर्बेरियम शीट करण्यात गेली. वाळवलेली फांदी, आणि उजवीकडे खाली लेबल : कुळ, शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, कुठे सापडलं, तारीख, कुणी गोळा केलं. बोटॅनिकल सर्व्हेच्या इथल्या हर्बेरियमला सहलीने गेलो होतो तेव्हा सगळ्यांत जुनी शीट शोधायची पैज लागली होती. तर प्रत्येकाचं पान हर्बेरियम शीटसारखं करते आहे. लेबल असं :

लातूरवाली. आढळ : ग्रंथालयाच्या जिन्याखाली, पंख्याच्या बरोबर समोर. हंगाम : वर्षभर, सबमिशनच्या आदल्या रात्री विशेष बहर. ओळखण्याची खूण : ५ नंबरची पेन्सिल कानामागे, आणि तीच शोधत असते. उपयोग : खोडाचा आडवा छेद काढून देणे.

तिच्या पानावर फोटो एकच आणि तिनेच काढलेल्या आडव्या छेदाची झेरॉक्स. कुणाकुणाच्या जर्नलमध्ये तो छेद आहे ते पाकिटात. (लेकीची_आई, धन्यवाद!)

जर्मनीवाल्याचं अजून अडलंय. तो चांगला आहे, सगळ्यांशीच चांगला आहे, त्याच्याबद्दल वेगळं काही सुचतच नाही. सगळ्यांत जास्त फोटो त्याच्याचसोबत आहेत, तरी.

गोंदाचंही कोडं सुटलं. हर्बेरियममध्ये जाड फांदी चिकटवत नाहीत, दोऱ्याने शिवतात किंवा वरून कागदी पट्टी देतात. लॅबमधलं बटण, सुटी किल्ली, असलं सगळं तसंच शिवते.

सुईदोरा

शिवताना आधी सुईने भोकं पाडून घे, मग दोरा ओव. थेट शिवलंस तर कार्डशीट भोकाभोवती मोडते. आणि गाठ मागे राहील तिथे कागदाचा तुकडा लाव, नाहीतर शेजारच्या पानावर वळ उठतो. किल्ली जड असेल तर नकोच, तिची झेरॉक्स काढ. झेरॉक्सच्या काचेवर किल्ली ठेवली की फार सुंदर छाप येते, करून बघ.

निळी_शाई

कल्पना फार आवडली. फक्त एक विनंती, जुन्या हर्बेरियम शीटना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड लावत असत, ती परंपरा घरी पाळू नकोस. फाइलमध्ये सिलिका जेलची पुडी पुरे, दमट झाली की बदलायला सांग.

डाव्या कडेला चार सेंटिमीटर मोकळे सोडलेस ना? पंच मारायची वेळ आल्यावर सगळ्यांना आठवतं.

विंगेतला

जर्मनीवाल्याचं : सगळ्यांशी चांगला असणारा माणूस नेहमी कुणाचं तरी काहीतरी करत असतो. फोटोंत त्याच्या हातात काय आहे ते बघ.

खारी_बिस्कीट

आत्ता सगळे फोटो परत बघितले. दर फोटोत त्याच्या खांद्यावर दोन सॅक आहेत. एक त्याची, दुसरी दर वेळी दुसऱ्या कुणाची. सिंहगडावर तर तीन. कुणी दिल्या, कधी दिल्या, कुणालाच आठवत नाही, ग्रुपवर आत्ता विचारलं.

आडनावासकट सगळ्यांची नावं मागे पेन्सिलने लिहिली, जुना_भिडू काका. कडेचे चार सेंटिमीटर सोडलेत.

कार्डशीटचे तीन ताव जास्त आणले गेले, आणि किनारीच्या सहा इंची पट्ट्याही आहेत. क्रीम रंग, २५० जीएसएम. कोणाला हव्या असतील तर कर्वे रोडला येऊन घेऊन जा.

वारजे_नाका

मला मला! पुतणीला आत्तापासूनच बसवते. रविवारी सकाळी चालेल का? विपू (विचारपुशीत निरोप) केली आहे.

सदाशिव_पेठी

पट्टी एखादी उरली तर आमच्यासाठीही ठेवा. मुलीने विचारलंय.